खांब फिरायला गेला

तीर्थरूप मामांना,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ असतो तर तुम्ही पाय मागे घेतले असते, तेव्हा लांबूनच बरा.) मामींना नमस्कार सांगा, आणि त्यांचा गुडघा जिन्याबद्दल सध्या काय म्हणतो तेही कळवा. आईला सांगा की मी वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि कानाला मफलर बांधतो. यातलं तिसरं खोटं आहे, पण ती तिसरंच आधी विचारील. तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. गेला नसेल तर गोदामात ताडपत्र्या झटकताना तोंडाला फडकं बांधत जा. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे अतीच झालं, पण इतक्या लांबून माणसाला जरा धीर येतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. इथे फोन लागत नाही. लावायचाच तर दीड तास खाली उतरायचं, पाण्याच्या टाकीवर चढायचं, एका ठरावीक दिशेला तोंड करून उभं राहायचं, आणि एवढं करून पलीकडून तुम्ही "कोण?" म्हणणार. त्यापेक्षा कागद बरा. टपाल सामानाच्या जीपबरोबर खाली जातं आणि जीप फक्त शनिवारी येते. आज मंगळवार आहे. म्हणजे माझ्याकडे लिहायला वेळ भरपूर, आणि तुमच्याकडे वाचायला असेल असं मी धरून चालतो.

याच शनिवारी माझाही निकाल आहे. आमचे मुकादम त्या दिवशी सांगणार आहेत की मी वरच्या तळावर तंबूवाला म्हणून मोसमभर राहायचं, की जीपमध्ये रिकाम्या पिंपांशेजारी बसून घरी यायचं. मी काही फार मनाला लावून घेतलेलं नाही. माझ्या नोकऱ्यांची यादी तुम्हाला पाठच आहे. बेकरीतून मी पहाटेच्या पाळीला कंटाळून निघालो, टायरच्या दुकानातून दुपारच्या, आणि छापखान्यातून कुठल्या पाळीला ते कळायच्या आधीच. पण या जागेवरून मला निघावंसं वाटत नाही. असं वाक्य मी आजवर कुठल्याच जागेबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून कागदावर कसं दिसतं ते बघायला लिहून ठेवलं. बरं दिसतंय. पुढे जातो.

काम काय ते आधी सांगतो, कारण आईने शेजारच्या काकूंना मी सर्कशीत आहे असं सांगितल्याचं कळलं. सर्कस नाही. आमची कंपनी शहरातल्या लोकांना आठ दिवस डोंगरातून चालवते आणि परत नेऊन सोडते. त्यांनी चालायचं, आणि आम्ही त्यांना मागे टाकून आधी पोचायचं, जागा साफ करायची आणि ते आले की तंबू उभे करायचे. आम्ही म्हणजे तिघं. मुकादम, आचारी आणि मी. मुकादम दिवसाला साधारण वीस शब्द बोलतात, त्यातले सहा-सात "हं" असतात. त्यांचे उरलेले शब्द आचारी वापरतो. मला घेतलं ते मांडवाच्या कामाचा माणूस म्हणून. (याबद्दल शेवटी लिहितो. आत्ता वाचताना कपाळाला आठ्या घालू नका.)

पहिल्या दिवशी मुकादमांनी माझ्या हातात एक पिशवी दिली. दुधाच्या पिशवीपेक्षा जरा मोठी, वजनाला दोन कांदे जास्त. म्हणाले, "दोन माणसांचा तंबू आहे. लाव." मला वाटलं ही खुंट्यांची पिशवी, तंबू मागून खेचरावर येत असणार. म्हणून मी ती पिशवी पोटाशी धरून वाटेकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. शेवटी मुकादम म्हणाले, "कुणाची वाट बघतोयस?" मी म्हटलं, "तंबूची." ते म्हणाले, "तो तुझ्या हातात आहे." उघडून बघितलं तर खरंच होता. मामा, ते कापड म्हणजे कांद्याची साल. पलीकडून आचारी दिसत होता, हसताना. सोबत पेन्सिलीएवढ्या आठ खुंट्या, आपल्या चपलेच्या वादीइतके बारीक दोर, आणि खांब नाही. मी सगळी पिशवी उलटी करून झटकली. खांब नाही. विचारलं, "खांब कुठाय?" मुकादम म्हणाले, "चालत येतोय." मागे वळून बघितलं तर दोन बायका एकेक काठी टेकत चढ चढत होत्या.

म्हणजे असं आहे बघा. हे तंबू हलके ठेवायचे म्हणून त्यांना स्वतःचे खांब दिलेलेच नाहीत. चालणाऱ्याच्या हातात जी घडीची काठी असते, दिवसभर चढउताराला टेकायची, तीच मुक्कामाला पोचल्यावर हवी तेवढी लांब करून तंबूत उभी करायची. एक पुढे, एक मागे. काठी आहे तर तंबू आहे, काठी नाही तर ती चादर आहे. तुमच्या मांडवाचा एक खांब उचलायला दोन माणसं लागतात आणि इथे खांबच माणसाला धरून वर घेऊन येतो, याचं मला फार आश्चर्य वाटलं. आचाऱ्याला वाटलं नाही. तो म्हणाला, त्याची बायकोही तेच काम करते.

मी तुमच्या पद्धतीने कामाला लागलो. तुमची पद्धत म्हणजे ताण, अजून ताण, आणि मग जरा ताण. त्या पेन्सिली मला काही पटल्या नाहीत, म्हणून मी आचाऱ्याच्या चुलीची लोखंडी सळई न विचारता ओढून घेतली, दगडाने हातभर खाली ठोकली, कोपऱ्याचा दोर तिच्यातून घेतला, एक पाय सळईला लावला आणि मागे रेललो. कापडातून एक बारीक आवाज आला. मांडवाचं कापड फाटताना ओरडतं, हे नुसतं "चर्र" म्हणालं, जसं कोणी नाइलाजाने परवानगी देतं तसं. मी पाठीवर पडलेला, हातात दोर, दोराच्या टोकाला कोपऱ्याची शिवलेली फीत, आणि तंबू तिकडे, तीन कोपऱ्यांचा. मुकादम आले. त्यांनी फीत बघितली, सळई बघितली, मला बघितलं आणि "हं" म्हणाले. आचारी लांबून ओरडला, "अरे, तंबू लावतोयस की हत्ती बांधतोयस?" आणि सळई परत मागितली, कारण तिच्यावर सूप ठेवलेलं होतं. ते आता चुलीत होतं.

त्यानंतर तीन आठवडे मुकादमांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे त्यांनी केलं, मी बघितलं, मग मी केलं आणि त्यांनी बघितलं नाही, कारण त्यांना बघवत नव्हतं. पण आता येतं. तुम्हाला थोडक्यात लिहितो, कारण तुम्हाला यात गोडी वाटेल, आणि कारण कोणी फोनवर विचारलं तर दोन शब्द तयार असलेले बरे. आधी जागा बघायची. खळग्यात नाही, तिथे पाणी आणि गारठा आपल्या आधी मुक्कामाला आलेले असतात. टेकाडाच्या माथ्यावर नाही, तिथे वारा राहतो. तंबूची पाठ वाऱ्याकडे, दार आडोशाला. मग कापड सपाट पसरून चार कोपऱ्यांना चार खुंट्या, कोपरे काटकोनात, आणि आत्ताच ओढायचं नाही. (हे "आत्ताच ओढायचं नाही" मुकादम मला इतक्या वेळा म्हणाले की त्यांचे दिवसाचे वीस शब्द त्यातच संपायचे.) खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं, आणि दोर तिच्या अगदी तळाशी, जमिनीलगत. मग काठी. काठी ठरलेल्या खुणेपर्यंत लांब करून तिची कडी घट्ट बंद करायची. ही कडी अर्धवट राहिली तर काठी आपली आपण आखडत जाते आणि तंबू हळूहळू, नम्रपणे, तुमच्या नाकावर येऊन बसतो. काठीखाली चपटा दगड, नाहीतर मऊ मातीत रुतते. काठी उभी झाली की मग पुढचा आणि मागचा दोर, दोन्हीकडे सारखा, थोडा थोडा, दोघा भावांना खाऊ वाटल्यासारखा. आणि एवढं करून हात झटकून निघून जायचं नाही, तासाभराने परत यायचं, कारण हे कापड दमट हवेत सैल पडतं. तुम्ही दोराला लटकून बघता, मुकादम तो बोटाने छेडून ऐकतात. आवाज बरोबर आला की पुढच्या तंबूकडे जातात. नाही आला तर माझ्याकडे बघतात.

एवढं सगळं येत असूनही माझी नोकरी जीपच्या पायरीवर का लटकली आहे, ते आता सांगतो. गेल्या गुरुवारची गोष्ट. या खेपेला दहा जणांची तुकडी होती, पाच तंबू. त्यात एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना आम्ही हेडबाई म्हणायचो, अर्थात त्या पुढे निघून गेल्यावर. सोबत त्यांचे मिस्टर, जन्मभर जमीनमोजणीच्या खात्यात. ते कुठेही बसण्याआधी जागा पावलांनी मोजायचे, म्हणून ते मोजणीकाका. गुरुवारी मी पाचही तंबू लावले, मुकादमांनी पाचही छेडले आणि पाच वेळा काही म्हणाले नाहीत. इथे याला शाबासकी म्हणतात. मग ते पाणी आणायला ओढ्यावर गेले. माझा स्वतःचा तंबू लावायचा होता, पण चहा झाला होता, ऊन छान होतं, म्हणून मी जरा उभा होतो.

तेवढ्यात हेडबाई आल्या आणि म्हणाल्या, "माझी काठी?" त्यांना समोरच्या टेकाडावरून बर्फाचे डोंगर बघायचे होते. आता मामा, मी सातवीत शाळा सोडली. पण त्या आवाजाला माझा हात अजूनही माझ्याशी न बोलता परस्पर उत्तर देतो. मी वाकलो, त्यांच्या तंबूतली पुढची काठी काढली, त्यांच्या उंचीइतकी लहान केली, कडी घट्ट लावली (ते मात्र मी बरोबर केलं), आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्या म्हणाल्या, "शाबास." हा शब्द मला सात वर्षांच्या शाळेत एकदाही मिळाला नव्हता. त्यामुळे मी तिथेच दोन मिनिटं उभा राहिलो. माझ्या मागे तंबू बसत होता.

आणि आत मोजणीकाका होते. ते आडवे पडून पुस्तक वाचत होते. त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं ढग उतरला असावा, या उंचीवर असं होतं हे त्याच पुस्तकात आदल्या पानावर लिहिलं होतं. म्हणून त्यांनी पुस्तक जरा जवळ धरलं आणि वाचत राहिले. मला हे काही दिसत नव्हतं, कारण तोवर माझ्यापुढे रांग लागली होती. हेडबाई काठी घेऊन ऐटीत निघालेल्या बघून सगळ्यांनाच डोंगर बघावेसे वाटले. एका बाईला दिली आणि दुसऱ्याला नाही म्हणालो तर ते बरं दिसत नाही. शिवाय सगळे "प्लीज" म्हणत होते. मी काढून देत गेलो. एक दात काढायला आलो आणि सगळी बत्तिशी हातात घेऊन बसलो, असं आचारी नंतर म्हणाला, पण तेव्हा तो कांदे चिरत होता आणि त्याने मला अडवलं नाही, हेही लिहून ठेवतो.

मुकादम ओढ्यावरून दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन आले तेव्हा तळावर फक्त दोन तंबू उभे होते, स्वयंपाकाचा आणि त्यांचा स्वतःचा. बाकी पाच जागी पाच रंगांची कापडं पसरलेली, वाळत घातल्यासारखी. समोरच्या टेकाडावर नऊ माणसं आपापल्या खांबांसकट रांगेत उभी, आणि आमच्याकडे बघून काठ्या हलवतायत. मुकादमांनी कॅन खाली ठेवले.

"वारा आला होता?"

"नाही."

"मग?"

"हेडबाई आल्या होत्या."

मुकादम हेडबाईंच्या तंबूपाशी गेले आणि त्यांनी कापडाचं एक टोक उचललं. खालून मोजणीकाकांनी विचारलं, "काय झालं?" मुकादम म्हणाले, "काही नाही, वाचा तुम्ही," आणि टोक परत खाली ठेवलं. त्यांना एवढं मऊ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग माझ्याकडे आले. त्यांचा त्या दिवसाचा कोटा संपलेला होता, तरी बोलले. म्हणाले, तंबूवाल्याचं पहिलं काम तंबू लावणं नाही. पहिलं काम गिऱ्हाइकाला सांगणं, की बाई, दादा, ही काठी आता काठी राहिली नाही, उद्या सकाळपर्यंत हा खांब आहे, फिरायचं तर दोन जादा काठ्या आहेत त्या मागा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांना दिसतंय की! "रविवारी वर चल," मुकादम म्हणाले. "तिथं बघू. शनिवारच्या जीपला काय ते सांगतो."

वरचा तळ म्हणजे खिंडीच्या खालची एक दगडांची वखार आहे. माती नावाला. दुपारी तीनला वारा कामावर येतो आणि एकदा आला की सुट्टी घेत नाही. हे मला आचाऱ्याने वाटेतच सांगितलं, मी न विचारता, तीन वेळा. तिथे खुंटी मारायला गेलो की दगड लागतो, जरा बाजूला मारली की त्याचा भाऊ लागतो. मुकादम म्हणाले, "दगड लाव," आणि आपला तंबू लावायला निघून गेले. ही रीत तुम्हाला आवडेल. दोराच्या टोकाला एक लांबट दगड बांधायचा आणि जमिनीवर आडवा ठेवायचा, आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, एक मोठा धोंडा बसवायचा. तंबू ओढ खातो, लहान दगड पुढे यायला बघतो आणि मोठा धोंडा त्याला जागचं हलू देत नाही. (तुम्ही कुठे हौसेने निघालात की मामी दारात उभ्या राहतात, तसंच.) मी एकेका तंबूला आठ-आठ लावले. हातांची साल गेली. हेडबाई चढून आल्या आणि त्यांनी स्वतःची काठी स्वतःहून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "घे. आता हा खांब ना?" मी म्हटलं, "हो बाई." त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "ऐकलंत का? खांब!" आणि नऊ जणांनी मुकाट्याने काठ्या आणून दिल्या. मोजणीकाकांनी त्यांच्या तंबूच्या चारही कोपऱ्यांतलं अंतर पावलांनी मोजलं आणि एक कोपरा वीतभर चुकलाय असं सांगितलं. चुकला होता.

तीन वाजता वारा आला. तो कसा होता ते मी वर्णन करत नाही, आई वाचेल. आम्ही तिघं स्वयंपाकाच्या तंबूच्या आडोशाला पालथे पडून बघत होतो. पाच तंबू दबायचे, पोट आत घ्यायचे, परत उभे राहायचे. दोर गुणगुणत होते. मी मोजत होतो, पाच, पाच, पाच. सहावा माझा होता. तो मी सगळ्यात शेवटी, उरलेल्या खुंट्यांवर, दगड न लावता उभा केला होता, कारण हातांची साल गेली होती आणि आपलं घर काय, कसंही चालतं असं वाटलं होतं. तो आधी एका कोपऱ्यावर उभा राहिला, मग त्या कोपऱ्याचाही निरोप घेऊन खिंडीकडे निघाला. काठी तेवढी मागे राहिली, माझ्यासारखीच आडवी. तंबूने जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला ती चाल ओळखीची वाटली. तुम्हालाही वाटली असती, तुम्ही मला बेकरी सोडताना बघितलं आहे. मुकादम त्याच्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले आणि "हं" म्हणाले. या "हं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तर सहातले पाच राहिले, हे माझं काम. तुकडी काल उतरून गेली. हेडबाईंनी निघताना माझं अक्षर कसं आहे विचारलं, मी बरं आहे म्हटलं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून हे पत्र जरा नीट काढतोय. बाकी इथे सर्व ठीक आहे. माझ्याबद्दल चिंता नसावी. असल्यास ती आईला कळू नये. मामींच्या गुडघ्याला आणि तुमच्या खोकल्याला आराम पडो.

तुमचा भाचा
(जो ऐकतो, पण उशिरा)

ता. क. (मंगळवार, दुपार) : शेवटी लिहितो म्हटलं होतं ते हे. मुकादमांना मी असं सांगितलेलं आहे की मी तुमच्या हाताखाली सहा वर्षं मांडवाचे दोर ओढले. तुम्हाला आणि मला माहीत आहे की ते अकरा दिवस होते, आणि त्या अकरा दिवसांत मी खुर्च्याच वाहिल्या. पण सहा म्हणालो तेव्हा तोंडात तेवढंच आलं. मुकादम खाली उतरले की तुम्हाला फोन करून विचारणार आहेत, नंबर त्यांनी घेतला आहे. तर मामा, एवढंच सांगा की सहा. "साधारण सहा" म्हटलंत तरी चालेल. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही फोनवर मोठ्याने खोकता, सहा म्हणायच्या वेळी खोकलात तर अकरा आणि सहा सारखंच ऐकू येईल. वर तंबूबद्दल एवढं सविस्तर लिहिलं ते याचसाठी, म्हणजे त्यांनी खोलात जाऊन विचारलं तर मी हे सगळं तुमच्याकडेच शिकलो असं तुम्हाला सांगता येईल.

ता. क. दुसरा (गुरुवार) : मुकादम आज सकाळीच उतरून फोन करून आले. पत्र माझ्या खिशात आणि जीप शनिवारी, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा वरचा ता. क. वाचू नका. वाचलाच असेल तर माफ करा. तुम्ही काय सांगितलंत ते तुम्हाला माहीतच आहे, मला आचाऱ्याकडून कळलं. पहिल्याच वाक्यात अकरा दिवस, दुसऱ्यात खुर्च्या, आणि तिसऱ्यात, त्यातल्या दोन मोडल्या. मी माझी पिशवी भरून ठेवली आहे. भरायला वेळ लागला नाही. भरून झाल्यावर परत उपसली आणि परत भरली, तरीही लागला नाही.

ता. क. तिसरा (शुक्रवार) : आता नीट कळलं. खुर्च्यांनंतर तुम्ही दोघं म्हणे चाळीस मिनिटं ओल्या दोराबद्दल बोललात. मुकादम टाकीवर उभे राहून, दर वेळी दिशा सांभाळत, चाळीस मिनिटं! आचारी सोबत होता, तो म्हणतो, मला यांच्याकडून एवढे शब्द आठ वर्षांत मिळाले नाहीत. त्यात माझं नाव दोनदाच निघालं आणि दुसऱ्यांदा तुम्ही, तो जेवतो का नीट, असं विचारलंत. त्याला मुकादम "हं" म्हणाले. या "हं"चा अर्थ मला लागला. जेवतो मामा. दोन वेळा.

मुकादमांनी निकाल आजच दिला. स्वयंपाकाच्या मोठ्या तंबूचे दोर दमट हवेत का ढिले पडतात ते बघायला तुम्ही आठ दिवस इकडे यावं, असं त्यांच्या मनात आहे, आणि तुम्ही "बघतो" म्हणालात, असं ते म्हणतात. तुम्ही येईपर्यंत मला ठेवणार आहेत. आलात तर मोसमभर. नाही आलात तर मी आहे आणि रिकामी पिंपं आहेत. म्हणजे मी सध्या ओलीस आहे असं समजा. पिशवी उपसून ठेवली आहे. तर मामा, या. मामींना मी विचारलं म्हणून सांगा, धोंडा जरा बाजूला घ्या म्हणावं, आठच दिवस. स्वेटर दोन आणा. मफलर आणा, मला.

ता. क. शेवटचा (शनिवार, जीपवाला हॉर्न वाजवतोय) : वर सहातले पाच माझे राहिले असं लिहिलं आहे. आचारी आत्ताच म्हणाला की वारा यायच्या आधी मुकादम माझ्यामागून फिरून त्या पाचांचे सगळे दोर पुन्हा लावून आले होते. पूर्ण माझ्या हातचा असा तो एकच होता, जो गेला. वरचं खोडायला वेळ नाही, तसंच राहू दे. पण तुम्ही याल तेव्हा मी हौसेने तुमच्यासाठी तंबू लावून ठेवीन, त्यात झोपू नका. मुकादमांच्या तंबूत झोपा.